ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत प्लाय, ब्लॉकबोर्ड आणि एमडीएफ कसे निवडावे व कसे वापरावे

गेल्या पावसाळ्यानंतर कासारवडवलीतल्या एका सदनिकेत सिंकखालच्या कपाटाची तळफळी काढून मी व्हर्निअरने मोजली. मधोमध तिची जाडी १८ मिलिमीटर होती आणि सांडपाण्याच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकाभोवती २३ मिलिमीटर. वरचे आणि खालचे लॅमिनेट शाबूत होते, पुढच्या कडेला लावलेली पट्टीही नीट चिकटलेली होती. पाणी शिरले ते भोकाच्या उघड्या कडेतून, जिच्याकडे ना सुताराने पाहिले, ना घरमालकाने. विक्रेत्याने ही फळी ‘वॉटरप्रूफ’ म्हणून दिली होती. प्रत्यक्षात ती साधी पार्टिकल बोर्डची होती.

कारखान्यात घडवलेले लाकूड, म्हणजे प्लायवुड, ब्लॉकबोर्ड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड आणि त्यांचे नवे भाऊबंद, बहुतेक वेळा पृष्ठभागावरून खराब होत नाही. ते कडेने मरते. कापलेली कड, ड्रिलचे भोक, बिजागरीसाठी कोरलेला खड्डा आणि दरवाजाची रंधा मारलेली खालची बाजू या चार ठिकाणी ओल आत जाते. त्यामुळे कोणती फळी घ्यावी या प्रश्नाइतकाच तिच्या कडांचे काय करावे हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि खाली दिलेल्या बहुतेक सूचना फिरून याच ठिकाणी येतात.

आधी घरातले पाणी पाहावे, मग दुकानात जावे

ठाण्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसच्या दिवस खाली येत नाही. वाशी, ऐरोली, कोपरी अशा खाडीलगतच्या भागांत त्यात खाऱ्या हवेची भर पडते. अशा ठिकाणी घरभर एकाच प्रतीची फळी वापरणे हा पैशांचा अपव्ययही आहे आणि धोकाही, कारण कोरड्या भिंतीवर महागडे मरीन प्लाय (पाणी सर्वांत जास्त सोसणारी प्रत) लावून पैसे संपतात आणि ओल्या ओट्याखाली काटकसर होते.

म्हणून काम ठरवण्यापूर्वी कागदावर घराचा साधा आराखडा काढून त्यावर तीन प्रकारच्या जागा रंगवाव्यात. जिथे पाणी प्रत्यक्ष सांडते किंवा साचते त्या पहिल्या: सिंकखालचे कपाट, बाथरूमचा दरवाजा, वॉशबेसिनखालची जागा, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारची बाल्कनी. जिथे पाणी सांडत नाही पण ओल पोचते त्या दुसऱ्या: पश्चिमेची बाहेरची भिंत, बाथरूमला लागून असलेली भिंत, ओट्याखालची बाकीची कपाटे, आणि फरशी पाण्याने धुण्याची सवय असलेल्या घरात जमिनीपासूनचे चार-सहा इंच. उरलेल्या जागा तिसऱ्या. बाहेरच्या भिंतीबाबत निर्णय उन्हाळ्यात घेऊ नये. शक्य असेल तर एक पावसाळा त्या भिंतीवर पोपडे येतात का ते पाहावे. नव्या इमारतीत ताबा मिळताच काम सुरू करण्याची घाई असते, आणि गणपती नव्या घरात बसवायचे असल्याने ऐन जुलैत सुतार बसवला जातो. त्या घाईवर माझ्याकडे तोडगा नाही. निदान बाहेरच्या भिंतीची कपाटे तरी दिवाळीनंतरवर ढकलावीत.

कोणती फळी कुठे

प्लायवुड म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे थर, प्रत्येक थराचे रेषे आधीच्या थराला काटकोनात, आणि थरांची संख्या विषम. लाकूड ओलीने रेषांच्या आडव्या दिशेत फुगते, लांबीच्या दिशेत जवळजवळ नाही. त्यामुळे काटकोनातले थर एकमेकांना धरून ठेवतात आणि फळी आकार टिकवते. पार्टिकल बोर्डात हे नाही. त्यात लाकडाचा भुगा व चिपा सरसात दाबलेल्या असतात, आणि ओल मिळताच त्या दाबलेल्या चिपा मोकळ्या होतात. सुकल्यावरही त्या पूर्वीसारख्या बसत नाहीत. म्हणूनच वर सांगितलेली २३ मिलिमीटरपर्यंतची सूज उन्हात ठेवूनही उतरली नाही.

प्लायच्या प्रती भारतीय मानकांत स्पष्ट आहेत आणि त्या पाठ असाव्यात. सर्वसाधारण वापराच्या प्लायसाठी आयएस ३०३ आहे. दुकानात ज्याला ‘कमर्शियल’ म्हणतात ती एमआर (ओल सोसणारी) प्रत आणि त्यावरची बीडब्ल्यूआर (उकळते पाणी सोसणारी) प्रत या मानकात येतात. मरीन प्लायसाठी आयएस ७१० आहे. फरक मुख्यतः सरसाचा. एमआर प्रतीचा नमुना ६० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात तपासतात, बीडब्ल्यूआरचा ८ तास उकळत्या पाण्यात, आणि मरीनचा ७२ तास उकळत्या पाण्यात. एमआरमध्ये बहुधा युरिया फॉर्मल्डिहाइडचा फिकट सरस असतो, तर उकळते पाणी सोसणाऱ्या प्रतींत फिनॉलचा गडद तपकिरी. फिकट सरसात रंग मिसळून तो गडद दाखवण्याचे प्रकार होतात, तेव्हा केवळ रंगावर विश्वास ठेवू नये.

पहिल्या प्रकारच्या जागांसाठी आयएस ७१० घ्यावे. दुसऱ्या प्रकारच्या जागांना बीडब्ल्यूआर पुरते, तिथे मरीनचा आग्रह धरण्याचे कारण नाही. दिवाणखान्यातील टीव्हीमागची पॅनेल, कोरड्या आतल्या भिंतीवरची पुस्तकांची कपाटे, पलंगाची पाठ अशा तिसऱ्या जागांना एमआरही चालते, मात्र शेजारी बाथरूम नाही याची खात्री करून.

ब्लॉकबोर्ड, ज्याचे मानक आयएस १६५९ आहे, त्यात दोन पृष्ठथरांमध्ये लाकडाच्या पट्ट्या लांबीच्या दिशेने रचलेल्या असतात. तो प्लायपेक्षा हलका असतो आणि उंच शटरला वाकत कमी असतो. साडेसहा-सात फुटी वॉर्डरोबच्या शटरला १९ मिलिमीटर प्लाय लावून ते वर्षभरात पिळवटल्याची तक्रार घेऊन येणारे बरेच भेटतात. अशा शटरला मी ब्लॉकबोर्डच सुचवतो. सिंकजवळ मात्र तो नको, कारण पट्ट्यांमधल्या फटी ओल साठवतात.

लाकडाचे बारीक तंतू सरसात दाबून केलेल्या एमडीएफला एकसंध घनता आणि गुळगुळीत पृष्ठ असतो, त्यामुळे पीयू (पॉलियुरेथेन) रंग, कोरीव जाळी आणि देवघराची नक्षी यांना त्याच्यासारखी फळी नाही. त्याचे दोन दोष लक्षात ठेवावेत. कडेत स्क्रू मारला की तो थरांत फाटतो, आणि साधा एमडीएफ पाणी स्पंजासारखे ओढतो. ‘एचडीएचएमआर’ या नावाने मिळणारी, घनमीटरला साधारण ८०० किलोच्या पुढे घनता असलेली फळी ओलीला अधिक टिकते आणि ओट्याच्या शटरला चांगली. पण हे बाजारातले नाव आहे, मानकातली प्रत नव्हे, म्हणून उत्पादकाने कोणत्या मानकानुसार कोणती चाचणी दिली आहे ते तांत्रिक पत्रकात पाहावे. प्री-लॅम, म्हणजे आधीच लॅमिनेट चढवलेला, पार्टिकल बोर्ड भाड्याच्या घरातील किंवा कार्यालयातील तात्पुरत्या फर्निचरपुरता ठीक आहे. स्वतःच्या स्वयंपाकघरात त्याला जागा देऊ नये, हे माझे ठाम मत आहे.

लाकडाच्या नावाला भुलू नये

दुकानदार ‘गर्जनचे प्लाय’ म्हणून लालसर फळी पुढे करतो तेव्हा त्यामागचा इतिहास माहीत असलेला बरा. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात जंगलतोडीवर आणि लाकूड कारखान्यांवर कडक निर्बंध आणले, आणि पुढच्या काळात प्लाय उद्योग शेतात वाढवलेल्या निलगिरी व पॉपलरकडे वळला. हरियाणातील यमुनानगर हे त्याचे मोठे केंद्र. गर्जन मुख्यतः म्यानमारमधून येत असे, आणि म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात थांबवली. आज बहुतेक फळ्यांत गर्जन असलेच तर वरच्या पापुद्र्यापुरते असते, आणि कित्येकदा तेही रंग चढवलेले असते. निलगिरी व पॉपलरच्या गाभ्याची, नीट सरस लावून दाबलेली फळी उत्तम काम देते. लाकडाच्या नावासाठी जादा पैसे देण्यापेक्षा ते पैसे एज बँडिंगवर, म्हणजे कडेला पट्टी चिकटवण्यावर, खर्च करावेत.

शीट हातात घेऊन तपासणे

फळीवर आयएसआय चिन्ह, त्याच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये हा क्रमांक टाकला की परवाना कोणाचा, कोणत्या मानकासाठी आणि चालू आहे की संपला हे समोर येते. दुकानातच, पैसे देण्यापूर्वी, हे करावे. आयएस ३०३ चा परवाना असलेल्या कारखान्याच्या फळीवर ‘मरीन’ असा मोठा शिक्का मारलेला असणे ही नेहमीची चलाखी आहे.

त्यानंतर कड पाहावी. थर सरळ आणि समान जाडीचे हवेत. मध्ये काळी पोकळी दिसली किंवा एक थर दुसऱ्यावर चढलेला दिसला तर ती शीट बाजूला ठेवावी. पृष्ठावर बोटांच्या सांध्यांनी ठोकत पुढे जावे, जिथे आवाज पोकळ येतो तिथे गाभ्यात फट असते आणि नेमका तिथेच बिजागरीचा स्क्रू आला की तो फिरत राहतो. जाडी चार कोपऱ्यांवर मोजावी. ६ मिलिमीटर व त्याहून जाड फळीला ५ टक्क्यांची सूट आहे, म्हणजे १९ मिलिमीटरची शीट १८ च्या थोडी वर भरली तर नियमात बसते, साडेसतरा भरली तर नाही. वजनाचाही अंदाज घ्यावा. आठ बाय चार फुटांची १९ मिलिमीटर शीट घनमीटरला ६५० किलो घनतेने साधारण ३७ किलो भरते. तीच २८ किलोच्या आसपास भरली तर आत हलके लाकूड आहे असे समजावे.

दोन चाचण्या सुताराकडून करून घेता येतात. पहिली सुरीची. टाकाऊ तुकड्याच्या कडेत दोन थरांमध्ये पटाशीचे पाते घालून पिरगाळावे. थर सुटताना दोन्ही बाजूंना लाकडाचे तंतू फाटलेले दिसले तर सरस लाकडाहून मजबूत आहे. चकचकीत, स्वच्छ सरसाची रेघ उघडी पडली तर सरस कच्चा आहे. दुसरी चाचणी उकळण्याची. मरीनची ७२ तासांची परीक्षा घरी होत नाही, पण सहा इंची तुकडा जुन्या पातेल्यात ८ तास उकळत ठेवला, पाणी आटेल तसे घालत राहिले, की बीडब्ल्यूआर आणि एमआर यांतला फरक बहुधा डोळ्यांना दिसतो. ते पातेले पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये, आणि खिडकी उघडी ठेवावी, कारण वाफेत फॉर्मल्डिहाइड असते.

हाच वायू नव्या फर्निचरच्या वासात असतो आणि डोळे चुरचुरतात ते त्यानेच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला मानवी कर्करोगाचे कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या गटात घातले. फळी घेताना ई१ किंवा ई० अशी उत्सर्जन प्रत मागावी, विशेषतः मुलांच्या खोलीसाठी, आणि काम संपल्यावर किमान दोन-तीन आठवडे कपाटे उघडी ठेवून खोल्या हवेशीर राहू द्याव्यात.

माल साइटवर उतरताना घरच्या माणसाने हजर असावे. वरच्या तीन शीट मरीन आणि खालच्या सगळ्या कमर्शियल, असा गठ्ठा माझ्या एका कामावर उतरला होता, आणि बिलावर फक्त ‘प्लाय १९ मिमी’ एवढेच लिहिलेले होते. तेव्हापासून बिलावर मानकाचा क्रमांक, प्रत, जाडी आणि परवाना क्रमांक लिहून घेतल्याशिवाय मी माल उतरवून घेत नाही, आणि प्रत्येक शीटच्या शिक्क्याचे छायाचित्र कापण्यापूर्वी काढतो.

ठेवणे, कापणे, कड बंद करणे

शीट भिंतीला टेकवून उभ्या ठेवू नयेत. जमिनीपासून चार इंच उंच, एकाच पातळीतल्या चार आडव्या पट्ट्यांवर त्या आडव्या रचाव्यात आणि वरून प्लास्टिक टाकले तरी बाजू मोकळ्या ठेवाव्यात. नव्या गिलाव्याच्या खोलीत नकोत. मानकाप्रमाणे प्लायमधली ओल ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असते. सुताराकडे मॉइश्चर मीटर असेल तर कापण्यापूर्वी पाहावे आणि आकडा १५ च्या पुढे गेला असेल तर फळी काही दिवस पंख्याखाली राहू द्यावी. पावसाळ्यात घट्ट बसवलेला ड्रॉवर डिसेंबरात खडखडतो आणि त्याचे खापर चॅनेलवर फुटते.

कापताना फळीच्या रेषांची दिशा पाहावी. शेल्फची लांबी शीटच्या आठ फुटी दिशेला येईल असे कापावे, कारण वरचे रेषे त्या दिशेने धावतात आणि भार तेच पेलतात. शेल्फ किती वाकेल हे जाडीपेक्षाही लांबीवर ठरते. दर फुटाला सारखाच भार असेल तर दोन फुटांऐवजी तीन फुटांच्या शेल्फचा झोल सुमारे पाचपट होतो. उलट १२ मिलिमीटरऐवजी १८ मिलिमीटर घेतले तर ताठरता तिप्पट-साडेतिप्पट वाढते. धान्याचे डबे किंवा पुस्तके ठेवायची असतील तर दोन-अडीच फुटांवर मध्ये उभी फळी द्यावी. लॅमिनेट बाहेरून लावले तर आतूनही पातळ लॅमिनेट लावावे, नाहीतर एका बाजूने ओल घेणारी फळी धनुष्यासारखी वाकते.

आता कडा. दिसणाऱ्या कडांना एज बँडिंगची पट्टी सगळेच लावतात. न दिसणाऱ्या राहून जातात. ओट्याच्या कपाटाची मागची आणि खालची कड, पाइपसाठीचे भोक, ओव्हन किंवा चिमणीसाठी कापलेला चौकोन, आणि बिजागरीचा ३५ मिलिमीटर व्यासाचा खड्डा यांना इपॉक्सी किंवा पीयू सीलरचे दोन हात ब्रशने द्यावेत. पाइप आणि भोक यांच्यामधली फट सिलिकॉनने भरावी. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे, पण मिस्त्रीच्या दरात ते धरलेले नसते, म्हणून कोटेशनमध्ये वेगळी ओळ म्हणून लिहून घ्यावे. कपाटाचा डबा फरशीवर टेकवू नये. चार इंची पीव्हीसी पायांवर उभा करून पुढे काढता येणारी पट्टी लावावी. खाडीलगतच्या घरात स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. एमडीएफच्या कडेत स्क्रू घालण्याआधी स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडावे आणि टोकापासून निदान अडीच-तीन इंच आत राहावे.

बाथरूमच्या दरवाजाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण घोडबंदर रस्त्यापासून खारघरपर्यंत सगळ्यांत जास्त तक्रारी त्याच्याच येतात. फ्लश डोअर, ज्याचे मानक आयएस २२०२ आहे, कारखान्यातून चारही बाजूंनी बंद होऊन येतो. इथे तो बसवताना फरशीच्या उतारावर घासतो, मग सुतार खालून अर्धा इंच रंधून टाकतो आणि दरवाजा लगेच चौकटीत चढवतो. ती खालची कड पुन्हा कोणाच्याही नजरेस पडत नाही. वर्ष-दोन वर्षांत खालच्या कोपऱ्यातले लॅमिनेट उचलते, मग थर सुटतात. उपाय सोपा आहे. बिजागऱ्या सोडवून दरवाजा आडवा घ्यावा, खालची कड सुकू द्यावी, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्यावेत आणि मगच चढवावा. दरवाजा आधीच बसलेला असेल तर आरसा फरशीवर ठेवून खालची कड पाहावी. उघडे लाकूड दिसले तर एका रविवारी हे काम उरकावे.

इमारतीच्या सांगाड्यात

स्लॅब ओतताना वापरले जाणारे फिल्म लावलेले शटरिंग प्लाय हेही याच कुटुंबातले; त्याचे मानक आयएस ४९९०. तिथेही कापलेल्या कडेला रंग न लावल्यास फळी ठरलेल्या फेऱ्यांपूर्वीच फुगते. मीटरच्या खोलीतील किंवा विजेच्या डक्टची पॅनेल बदलायची असल्यास सोसायटीने आयएस ५५०९ ची अग्निरोधक फळी मागावी.

परदेशात आता खांब, तुळया आणि स्लॅबही अशा लाकडाचे होतात. थर काटकोनात चिकटवलेल्या जाड फळ्यांना सीएलटी म्हणतात, आणि एकाच दिशेत चिकटवलेल्या तुळयांना ग्लुलॅम. नॉर्वेतील म्योस्टॉर्नेट ही १८ मजली, ८५.४ मीटर उंचीची इमारत २०१९ मध्ये उभी राहिली, आणि अमेरिकेतील मिलवॉकीचा असेंट मनोरा २०२२ मध्ये २५ मजल्यांचा झाला. जाड तुळई आगीत मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटरपर्यंत कोळशात बदलते आणि तो कोळशाचा थर आतल्या लाकडाला वाचवतो, या हिशेबावर तिची जाडी वाढवून ठेवतात. आपल्याकडे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ मध्ये लाकडाच्या वापरावर घातलेली बंदी २०२० मध्ये उठवली. तरी ठाणे-नवी मुंबईतील घरमालकाला ग्लुलॅम भेटेल तो गच्चीवरच्या किंवा रो-हाऊसच्या अंगणातल्या मांडवाच्या रूपाने. असा मांडव करताना तुळईचे उघडे टोक पत्र्याच्या टोपीने झाकावे, खांब लोखंडी बुटावर जमिनीपासून वर उभा करावा आणि गणित संरचना अभियंत्याकडूनच करून घ्यावे.

दरवर्षी मे महिन्यात

पाऊस येण्यापूर्वी एकदा सिंकखाली टॉर्च घेऊन वाकावे. सिलिकॉन सुटले असेल तर खरवडून नवे भरावे. बाहेरच्या भिंतीवरचे कपाट भिंतीपासून निदान अर्धा इंच सुटे आहे ना ते पाहावे. फळीखाली पिठासारखी बारीक भुकटी आणि टाचणीएवढी भोके दिसली तर ती भुंगेऱ्याची. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी, जी बहुधा डक्टमधून वर चढलेली असते, आणि तेव्हा एकाच घरात औषध मारून उपयोग नसतो, खालच्या मजल्यांसह पाहावे लागते. पावसाळ्यात कपाटाची दारे दिवसातून तासभर उघडी ठेवावीत. फळी भिजलीच तर ती लगेच लॅमिनेटने झाकू नये. प्लाय असेल तर सामान काढून, पंखा लावून पूर्ण सुकू द्यावे, थर सुटले नसतील तर कड पुन्हा सील करावी. पार्टिकल बोर्ड असेल आणि तो एकदा फुगला असेल, तर तेवढी तळफळी काढून त्या जागी मरीनचा तुकडा बसवावा, चारही कडा आणि पाइपचे भोक आधी सील करून.